उंबरठ्याअलीकडची शाळा

विजयादशमीच्या दिवशी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिला गंध, अक्षता व झेंडूचे फूल वाहण्याची रीत अद्यापि पुष्कळ मराठी घरांत चालू आहे. अक्षर म्हणजे काय हे ज्या मुलास अजून ठाऊक नाही, त्याच्याही हाती त्या दिवशी फूल देतात आणि पाटीपुढे हात जोडावयास लावतात. त्या दिवशी पाटीवर धडा घालावयाचा नसतो, कोणाची चूक काढावयाची नसते. विद्येची आणि मुलाची पहिली गाठ अशा मंगल वातावरणात घालून देणाऱ्या आपल्या पूर्वजांस बालमनाची काही जाण होती, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु दसऱ्याचा तो एक दिवस सरला म्हणजे पुढे काय होत असे, आणि आज तरी काय होते, हा प्रश्न मनात आला म्हणजे चित्त अस्वस्थ झाल्यावाचून राहत नाही.

गेल्या जून महिन्यात परिचयातील एका सुशिक्षित कुटुंबात जाण्याचा योग आला. घरातील साडेतीन वर्षांची मुलगी दुसऱ्या दिवशी प्रथमच शाळेत जावयाची होती. नवे दप्तर, डबा, पाण्याची बाटली अशी सारी सिद्धता टेबलावर मांडून ठेविली होती. स्वतःचे नाव, पत्ता, रंग आणि फळे यांची इंग्रजी नावे आठवडाभर तिच्याकडून घोकून घेतली जात होती. मी गेलो तेव्हा ती आजीजवळ बसून भुईमुगाच्या शेंगा सोलीत होती आणि मधूनमधून दाणे मोजीत होती. पुढे जेवताना तिने काही हट्ट धरला. तेव्हा आजी हसत म्हणाल्या, "उद्या शाळेत गेलीस ना, म्हणजे बाईच सरळ करतील तुला!" मुलगी एकाएकी गप्प झाली आणि तिने मुकाट्याने भात खाल्ला. आम्ही सारे हसलो. मीही हसलो, हे येथे कबूल केले पाहिजे. घरी परतताना मात्र ते वाक्य मनातून जाईना. आठवडाभर चाललेल्या त्या तयारीत मुलीस पुष्कळ शब्द मिळाले होते. शाळेविषयीचा विश्वास मात्र त्या एका वाक्याने काढून घेतला होता.

मूल शाळेसाठी तयार कसे करावे, हा प्रश्न आपल्या पिढीस नव्याने पडलेला आहे असे वाटते. परंतु त्यास निदान चारशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. तो चाळून पाहिला असता एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. ज्यांनी ज्यांनी या प्रश्नाचा मनापासून विचार केला, ते कोणत्याही देशातले असोत, फिरून फिरून घराशीच येऊन पोचले; आणि तयारी मुलापेक्षा मोठ्या माणसांचीच व्हावयास हवी, असे त्यांस आढळून आले.

प्रथम आपल्याच घरची जुनी स्थिती पाहू. पंतोजीची शाळा देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या सोप्यावर भरे. लाकडी फळीवर बारीक माती पसरून केलेल्या धूळपाटीवर मुले बोटाने अथवा काडीने अक्षरे गिरवीत. 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनाचा उच्चार मुलांच्या तोंडी 'ओनामासिधं' असा झाला, आणि त्यापासून आरंभ या अर्थाचा 'ओनामा' हा शब्द भाषेत राहिला. 'श्रीगणेशा' हा शब्दही त्याच शाळेतला. सायंकाळी दिवा लागला म्हणजे घरोघर परवचा चाले आणि पावकी, निमकी, पाऊणकी यांचा घोष ऐकू येई. या शिक्षणाने हिशेबात पक्की झालेली माणसे निर्माण झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शाळेत न येणाऱ्या मुलास आणावयास चार दांडगी पोरे पाठवावी, त्यांनी त्याची उचलबांगडी करून त्यास पंतोजीपुढे आणून टाकावे, आणि बापाने ते दारात उभे राहून पाहावे, हाही त्या शाळेचाच एक भाग होता. घरात आजीची चिऊकाऊची गोष्ट, आईच्या जात्यावरच्या ओव्या, बहिणीची रांगोळी. आणि दाराबाहेर अंगठे धरून उभे राहणे! या दोन जगांत जाणे-येणे नव्हते. घरातले शिक्षण हे शिक्षण आहे, असे कोणाच्या मनातही येत नसे.

ही दोन जगे जोडण्याचा पहिला थोर प्रयत्न युरोपात एका निर्वासिताने केला. योहान आमोस कोमेनियस (१५९२–१६७०) हा मोराव्हियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला, धर्मोपदेशक. धर्मयुद्धात त्याचे घरदार गेले. १६२२ च्या सुमारास साथीच्या रोगाने पत्नी व दोन्ही मुले गेली. पुढे देशही सोडावा लागला. पोलंडमधील लेश्नो गावी आश्रयास असता १६३० च्या आसपास त्याने एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याचे नाव मराठीत 'शैशवशाळा' असे करता येईल. पहिल्या सहा वर्षांतली मुलाची शाळा म्हणजे आईची मांडी, असे त्याने त्यात प्रतिपादिले आहे. पाणी, माती, पाऊस, विस्तव यांस नावाने ओळखणे ही निसर्गशास्त्राची सुरुवात. काल, आज आणि उद्या यांतील भेद कळणे ही इतिहासाची सुरुवात. थोडे आणि फार, लांब आणि आखूड हे कळणे ही गणित व भूमितीची सुरुवात. सर्व विद्यांची मुळे अशी घरातच रुजतात, हा त्याचा सिद्धांत होता.

त्याहूनही नवल वाटावयाजोगा भाग त्या पुस्तकाच्या अखेरीस आहे. मुलास शाळेसाठी कसे तयार करावे, याविषयी तेथे आईबापांस स्वतंत्र उपदेश आहे. कसलीही कल्पना न देता मुलास गुरासारखे ओढीत शाळेत नेणाऱ्या पालकांस तो अविचारी म्हणतो. आणि शाळेचा व शिक्षकाचा बागुलबुवा करून मुलास धाक घालणाऱ्यांस तर त्याहून अविचारी ठरवितो. शाळेचा दिवस जवळ आला म्हणजे जत्रेचा किंवा सुगीचा दिवस येत असल्याप्रमाणे घरात आनंदाने बोलावे, नवे कपडे, पाटी, पुस्तक मुलास दाखवावे, शिक्षकाविषयी प्रेमाने सांगावे, असे तो सुचवितो. ज्याची स्वतःची मुले काळाने हिरावून नेली होती, त्याने परक्यांच्या मुलांच्या शाळेतल्या पहिल्या दिवसाची एवढी काळजी वाहावी, हे वाचताना मन हेलावते. आमच्या त्या आजीबाईंच्या वाक्यास उत्तर चारशे वर्षांपूर्वीच लिहून ठेविलेले होते!

पुढे स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालॉझीने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथास 'गर्ट्रूड आपल्या मुलांस कसे शिकविते' असे नाव दिले; शिक्षणशास्त्राच्या ग्रंथाच्या नावात एका आईस मान मिळाला. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, नळकांडी अशी त्याची साधने प्रसिद्धच आहेत. पण १८४४ साली त्याने आयांसाठी गाण्यांचे आणि बोटांच्या खेळांचे एक पुस्तक काढले, याची आठवण फारशी कोणी करीत नाही. आपल्याकडे पाळण्यावर रंगीत चिमण्या टांगणारी आणि बाळाची बोटे मोजीत गाणे म्हणणारी आजी जे करीत आली, त्याच्याच मागचे शास्त्र तो शोधीत होता. या निरुपद्रवी बागेचीही राज्यकर्त्यांस भीती वाटली. नास्तिकपणा व समाजसत्तावाद यांच्या संशयावरून प्रशियाच्या सरकारने १८५१ साली किंडरगार्टनांवर बंदी घातली. पुढल्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० साली.

हा विचार आपल्या प्रांती आणणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. १८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या असता फिलाडेल्फिया येथे त्यांनी किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला, आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. विधवा स्त्रियांस स्वावलंबी करावयाचे आणि लहान मुलांस आनंदाने शिकवावयाचे, ही दोन कार्ये परस्परांस पूरक आहेत, हे ओळखण्याइतकी दूरदृष्टी त्यांच्यापाशी होती.

१९०७ च्या ६ जानेवारीस रोम शहराच्या सान लोरेंत्सो या दरिद्री वस्तीत डॉक्टर मारिया माँटेसोरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. ते वेगळ्या इमारतीत नव्हते; आईबाप दिवसभर कामावर जात तेव्हा जिन्यांवर हुंदडणाऱ्या मुलांसाठी त्यांच्याच चाळीतली एक खोली घेतली होती. भिंतीवर नियम लाविले होते, आणि ते बहुतांशी आईबापांसाठी होते. मुलास स्वच्छ करून पाठवावे, संचालिकेचा मान राखावा, आणि आठवड्यातून निदान एकदा आईने तिच्याशी मुलाविषयी बोलावे, असा त्यांचा आशय होता. या बालगृहात चार-पाच वर्षांची मुले एके दिवशी आपण होऊन लिहू लागली, ही वार्ता जगभर पसरली आणि पुष्कळांस तो चमत्कार वाटला. परंतु त्यामागे चमत्कार नव्हता. निरनिराळ्या जाडीचे दट्टे त्यांच्या खुंट्या चिमटीत धरून बसविताना मुलांची बोटे लेखणी धरण्यास आधीच तयार झाली होती. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविताना अक्षराचे वळण हातास कळले होते. हात तयार झाला, कान तयार झाला, आणि मग लिहिणे आपोआप आले. आमच्या धूळपाटीवर बोटाने गिरविणाऱ्या मुलासही हा स्पर्शाचा लाभ मिळत होता. साधन चांगले होते. त्याच्या शेजारी पडलेल्या छडीने त्याचे गुण झाकून टाकिले.

माँटेसोरीबाईंचे ग्रंथ वाचून ज्या भारतीयांचे जीवन पालटले त्यांत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे प्रमुख होत. ते काठेवाडातले वकील. १९१३ साली मुलगा झाला, आणि त्याच्या शिक्षणाची काळजी करता करता त्यांची वकिली सुटली. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढले. मुलांत ते इतके रमत की लोक त्यांस 'मूछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई, म्हणू लागले. आईबाप होणे किती कठीण आहे, या अर्थाचे नाव त्यांनी पालकांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकास दिले आहे. त्यांच्या साऱ्या विचाराचे सार त्या नावात आले आहे.

याच बालमंदिरात १९२३ साली एक मराठी बाई येऊन दाखल झाल्या. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्या वेळी पदवीधर असून राजकोटच्या स्त्री-अध्यापन-विद्यालयातली प्रतिष्ठेची जागा सोडून आल्या होत्या. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. 'शिक्षणपत्रिके'च्या द्वारे ताराबाईंनी मराठी घरांतून हा विचार पोचविला. आणि १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. तेथे येणारी मुले मध्यमवर्गाची. पालक सुशिक्षित, साधने नीटनेटकी, शाळा नावाजलेली. एवढ्यावर कोणीही समाधान मानिले असते. ताराबाईंस मात्र खेड्यातल्या मुलाचा विसर पडला नाही. १९३९ च्या अखेरीस खुद्द माँटेसोरीबाई मद्रासला अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत या देशात राहिल्या. त्यांच्या नावाचा त्या काळी मोठा गाजावाजा होता. तशा काळात, त्या पद्धतीची महागडी साधने गोरगरिबांस कोठून मिळावयाची, हा प्रश्न उघड विचारण्यास धैर्य लागे. ताराबाईंनी तो विचारला, आणि १९४५ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम-बालशिक्षणाचे केंद्र काढून त्याचे उत्तर शोधावयास प्रारंभ केला. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांत वैधव्य, असा ज्यांचा संसार, त्यांनी पुढील जवळजवळ अर्धशतक दुसऱ्यांच्या मुलांस दिले.

बोर्डीच्या आसपास वारल्यांचे पाडे होते. त्याच वर्षी त्या मुलखात वेठबिगारीविरुद्ध वारली समाज उठला होता. पांढरपेशा माणसाविषयी त्यांच्या मनात भय व अविश्वास असावा, हे साहजिक होते. त्यात वारल्यांची बोली निराळी, शाळेची भाषा निराळी. आणि पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड. बालवाडी उघडून वाट पाहत बसल्याने अशी मुले येणार कशी? तेव्हा ताराबाईंनी ठरविले की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या दारी जावे. शिक्षिका वस्तीत जात, एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून घेत, मुलांची तोंडे धूत, नखे कापीत, केस विंचरीत, मग गाणी आणि गोष्टी होत. साधने म्हणजे बिया, शिंपले, पाने, माती, बांबूचे तुकडे. आयांच्या डोळ्यांदेखत हे सारे चाले, म्हणून त्यांची भीती मोडली. आणि आईची भीती मोडली तेव्हा मुलाची भीती मोडली. 'अंगणवाडी' हा शब्द असा जन्मास आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी याच न्यायाने कुरणशाळा निघाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी तेथे नावारूपास आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. आज तिच्या सुमारे चौदा लाख केंद्रांस देशभर अंगणवाडी याच नावाने ओळखतात.

आता हा इतिहास आपल्या घराशी लावून पाहू. वारल्याच्या मुलाचे शाळेत काय अडत होते? त्याच्या घरचा एकही शब्द शाळेत चालत नव्हता, आणि शिक्षकाविषयी त्याच्या मनात भय होते. आज पुण्यामुंबईच्या सुखवस्तू घरांत हीच दोन संकटे आपण आपल्या हातांनी मुलावर आणीत आहो. ज्या मुलास घरात मराठीत दिवसभर चिवचिवाट करता येतो, ते अपरिचित भाषेच्या वर्गात मुके होऊन बसते. आणि त्याचा मुकेपणा जावा म्हणून आपण घरातली भाषाही बदलू लागतो. 'चेंडू', 'पोपट', 'आंबा' यांच्या जागी सुटी इंग्रजी नावे घोकवितो. नावे येतात, परंतु चेंडू कोठे गेला, का गेला, आणि आता काय करावे, हे सांगणारे वाक्य कोणत्याच भाषेत पुरे होत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे ही पायाची अवस्था मानून खेळातून आणि शक्यतो घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. बालवर्गाच्या प्रवेशासाठी मुलांच्या परीक्षा व मुलाखती घेऊ नयेत, अशी शिफारस प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ सालीच केली होती. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी मुलाची अथवा पालकांची कोणतीही चाळणी लावण्यास मनाई केली. कायदा व धोरण एवढे करू शकतात. मुलीच्या ताटाशी बसून तिला कशाची भीती घातली जाते, हे मात्र कोणत्याही कायद्याच्या दृष्टीस पडत नाही.

यावर कोणी म्हणेल की, आता अंगण राहिले नाही, एकत्र कुटुंब राहिले नाही, आईबाप दोघेही सायंकाळी थकून घरी येतात. मुलाची तयारी करावी कोणी आणि केव्हा? आक्षेप खोटा नाही. परंतु सान लोरेंत्सोतल्या आयाही दिवसभर कामावर जात असत, आणि पाड्यावरच्या आयांस तर उसंत ठाऊकच नव्हती. घराकडून जे हवे आहे त्यास स्वतंत्र तास लागत नाही. भाजी निवडताना मुलास शेंगा सोलावयास द्याव्या, कणकेचा एक गोळा द्यावा, धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालू द्याव्या. बोटे त्यानेच तयार होतात. चप्पल त्याची त्यास घालू द्यावी, उशीर झाला तरी. एकच गोष्ट दहा वेळा मागितली तर दहा वेळा सांगावी. त्याचे वाक्य त्यास पुरे करू द्यावे. शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा त्याचे बोट धरून ती इमारत, ते झाड, तो नळ दाखवून आणावा. शिक्षिकेचे नाव घरात मायेने घ्यावे. आणि आपल्या रागाच्या कामी तिचा धाक उसना घेऊ नये. अक्षरे पुढे येतील. त्यांस घाई नाही.

त्या आजीबाईंविषयी एक सांगावयाचे राहिले. घोकून घेण्याच्या कामात त्यांचा भाग नव्हता. ते काम आईबापांनी वाटून घेतले होते, आणि आपल्याला इंग्रजी येत नसल्याने नातीस शिकविता येत नाही, अशी खंत त्यांनीच मजपाशी बोलून दाखविली. पण शेंगा सोलताना दाणे मोजावयास त्यांनीच शिकविले होते. टरफल वेगळे आणि दाणा वेगळा ठेवण्याची शिस्तही त्यांचीच. आणि 'एका दाण्यात लपलेल्या उंदराची' गोष्ट नातीने त्यांच्याच हातवाऱ्यांसह मला सांगितली होती. ज्या विद्येसाठी फ्रोबेलने आयुष्य वेचिले आणि ताराबाई बोर्डीस गेल्या, ती त्या घरात रोज दुपारी चालत होती. तिला शिक्षण म्हणतात, एवढेच त्या घरात कोणी आजीबाईंस सांगितले नव्हते. ते सांगितले असते तर शाळेचा धाक घालावयाची वेळही बहुधा आली नसती. कारण आपण स्वतः ज्या शाळेतल्या बाई आहो, तिची भीती कोणी मुलास घालीत नाही.